बी-१२ पोटातच तयार होतं, मग गोळी कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

आतड्यातल्या उपकारक जिवाणूंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हे जिवाणू बी-१२ हे जीवनसत्त्व तयार करतात असं मीच म्हणतो, आणि वर शाकाहारी माणसाला गोळी घ्यायला सांगून औषध कंपन्यांची तळी उचलतो. रोज ताक आणि नाचणीची आंबील पुरते, पूर्वी कुणाला बी-१२ कमी पडत नव्हतं, असंही तुमचं म्हणणं. शेवटी जाता जाता सांगितलंत की पायाला मुंग्या येतात, पण बी-१२च्या गोळ्या तुम्ही बंद केल्यात. त्या शेवटच्या वाक्यामुळे सविस्तर लिहितोय.

बी-१२ सूक्ष्मजीवच बनवतात हे खरंच आहे. झाडांना ते जमत नाही, प्राण्यांनाही नाही. आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनतं. अडचण जागेची आहे. बी-१२ शरीरात शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, तेही जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून. मोठं आतडं लागतं त्याच्या पुढे, आणि अन्न काही मागे फिरत नाही. म्हणजे बाजार उठल्यावर माल पोचतो, आणि बहुतेक सगळा शौचावाटे निघून जातो.

गाईचं तसं नाही. तिचं रवंथाचं पोट लहान आतड्याच्या आधी येतं. चाऱ्यातून कोबाल्ट मिळालं की तिथले जिवाणू बी-१२ बनवतात, ते पुढे शोषलं जातं आणि दुधात उतरतं. सशाचे जिवाणू आपल्यासारखेच मागच्या बाजूला असतात. म्हणून तो स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो.

ताकातलं बी-१२ हे असं गाईकडून आलेलं असतं. विरजण लावल्यानं ते वाढत नाही. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच. पाणी घालून केलेल्या ताकात किती उरणार? नाचणीत तर ते नसतंच.

पण म्हणून आंबील सोडू नका, अगदी मनापासून सांगतो. रात्री भिजवलेलं पीठ सकाळपर्यंत आंबतं, तेव्हा त्यातलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत होते. शिजवताना ते जिवाणू मरतात, पण त्यांचं काम तोवर झालेलं असतं. आणि पोटातल्या जिवाणूंची खरी देणगी वेगळीच आहे. भाकरी, उसळ, शिळा भात यांतला जो भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात आंबवून ते ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार करतात. तिथल्या अस्तराच्या पेशींना लागणारी बहुतांश ऊर्जा या ब्युटिरेटमधून येते. जिथे बनतं तिथेच खपतं, शोषणाचा प्रश्नच येत नाही. भात शिजवून गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, म्हणून शिळ्या भाताचं नाव घेतलं.

राहिलं ‘पूर्वी’चं. पूर्वी मोजलं कुणी होतं? पुण्याजवळच्या खेड्यांत १९९०च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, घरचं खाणाऱ्या या बायका. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. फोलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व मात्र क्वचितच कुणाचं कमी होतं, कारण ते पालेभाज्यांतून मिळतं.

आता तुमच्या मुंग्या. त्या मधुमेहानंही येतात, बी-१२ कमी पडल्यानंही. अंदाजानं ठरवू नका. रक्तातलं बी-१२ तपासून घ्या आणि गोळ्या बंद केल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा ॲसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर तेही सांगा, त्यांनीही बी-१२ उतरतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून थांबू नका. ते व्यवस्थित असतानाही नसांना इजा होत राहू शकते, आणि उशीर झाला तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही. या आठवड्यातच जाऊन या.