जोहोरला बसने जाणाऱ्या ठाणेकरांसाठी काही मौलिक सूचना

मुंबईहून रात्रीचं विमान, साडेपाच तासांत सिंगापूर, आणि आंघोळपाणी न करता त्याच दिवशी बसने मलेशियातलं जोहोर! बेत झकास आहे. नकाशात पाहिलं तर दोन देशांच्या मधे एक कॉजवे, म्हणजे समुद्रातल्या बांधावरचा रस्ता, लांबी जेमतेम एक किलोमीटर. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला एका किलोमीटरची भीती कोण घालणार?

दिवस शक्यतो शनिवारच निवडा. दिवाळीच्या सुट्टीतला असेल तर सोन्याहून पिवळं. दिवाळीची सार्वजनिक सुट्टी सिंगापुरातही असते आणि जोहोरमध्येही. शिवाय जोहोरने २०२५ पासून शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुट्टी बदलून शनिवार-रविवार केली आहे. म्हणजे आता दोन्ही दिवस दोन्हीकडची माणसं एकाच वेळी मोकळी. तुमची सोबत होईल त्यांना.

सिंगापूरचा व्हिसा आला की त्यावरचा आपला फोटो बघा, हळहळा आणि फाइल बंद करा. प्रवेश एकदाच आहे की अनेकदा, असलं वाचत बसू नका. मलेशियात भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे जाल मजेत. परतीचं विमान सिंगापूरहून आहे, हे पलीकडे गेल्यावर आठवलं तरी चालेल.

सामान बसमध्येच ठेवून उतरा. सिंगापुरातल्या क्वीन स्ट्रीटहून जोहोरमधल्या लार्किनला जाणारी बस वुडलँड्सला, म्हणजे सिंगापूरच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावर, सगळ्यांना उतरवते, तपासणी झाली की त्याच सेवेची जी बस उभी असेल ती पकडायची असते, आणि कॉजवे संपला की पुन्हा तोच प्रकार. पण तुमची बस थांबेल. तुम्ही ठाण्याहून आलाय, हे ड्रायव्हरला दिसत नाही का?

खिशात पुडी असू द्या. गुटखा, खैनी, जर्दा या सगळ्यांवर सिंगापुरात बंदी आहे, ते अधिकारी नीट समजावून सांगतात.

परत येताना जोहोरमधून एखादी बाटली घ्या. मलेशियातून येणाऱ्याला दारूवर ड्यूटीची सवलत नसते, आणि सिगारेटवर तर कुठूनही आलात तरी नसते. नियम इतके सोपे असताना ते मोडायला मजा येते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फॉर्म भरू नका. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, २०२४ पासून ते सक्तीचं आहे, आणि टूरच्या ग्रुपवर त्याची लिंक चार वेळा येऊन पडलेली असते. तिच्यावर हात जोडलेली इमोजी टाकायची आणि विसरून जायचं. भरायचा तो थेट इमिग्रेशनच्या रांगेत. आमच्या ग्रुपमधल्या काकांनी तसाच भरला. त्यांच्या फोनला रोमिंग नाही, म्हणून हॉटस्पॉट माझा. काकूंचा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी, चकल्यांच्या डब्याखाली. म्हणून बॅग उघडली ती दोन रांगांच्या मधोमध, फरशीवर. काका एका बोटाने टाइप करणार. पासपोर्ट नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकणार, मग फॉर्म पुढे सरकत नाही म्हणून मलेशियाच्या सरकारला नावं ठेवणार. ईमेल उघडायचा तर पासवर्ड सुनेला ठाऊक, आणि सून माजिवड्याला! लावला फोन. तिकडे भारतात सकाळची घाई, सून मुलाचा डबा भरत असणार. मागे माणसं उभी आहेत, कुणाच्या खांद्यावर पोर झोपलंय, आणि काका शांतपणे मला म्हणतात, "अगं, एवढी काय घाई? आपण फिरायलाच आलोय ना!"

बरं, तेवढ्यात ग्रुपमधल्या दुसऱ्या एका ताईंनी त्यांना सांगितलं, "आम्ही तर पैसे भरून केला." गुगलवर जी पहिली जाहिरात दिसली, तिच्यावर कार्ड घासलं. दोन्ही देशांची अरायव्हल कार्डं सरकारी साइटवर फुकट मिळतात, हो!

काकांचं झाल्यावर ते रांगेत मागे गेले असतील असं वाटतं का तुम्हाला? पट्टी उचलून पुढे. "आमची माणसं तिथे आहेत." मुलुंड चेक नाका आहे का तो, हलक्या गाड्यांचा टोल गेला म्हणून हात दाखवून सुटायला? अधिकाऱ्याने बोट दाखवून पार शेवटी पाठवलं, आणि त्यांच्यासोबत आम्हा सगळ्यांचं जेवण बुडालं, कारण ग्रुप पूर्ण झाल्याशिवाय हॉटेलकडे निघायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी परतताना पुन्हा तेच. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड? "ते तर विमानतळावर झालं की!" अहो, देशाबाहेर पडून पुन्हा आत येताय ना? मग पुन्हा भरावं लागतं.

लाखभर रुपये मोजता, नव्या बॅगा घेता, सोसायटीत महिनाभर सांगत फिरता, आणि एक फॉर्म वाचायला तुम्हाला वेळ नाही. का नाही? अडाणी आहात का तुम्ही? बँकेत आयुष्य काढलंय काकांनी, दुसऱ्याच्या फॉर्मवरची खाडाखोड पाहून लोकांना परत पाठवलंय. इथे मात्र सगळं दुसऱ्याने बघायचं: टूरवाल्याने, सुनेने, नाहीतर शेजारी उभ्या असलेल्या बाईने. वयाचं कारण सांगू नका. त्याच फोनवर रोज पहाटे फुलांचे फोटो बरोबर पाठवता येतात. आणि रांग मोडताना परदेशी माणसं बघत असतात म्हणून नव्हे, मागच्या बाईच्या कडेवर पोर आहे म्हणून लाज वाटायला हवी.

ग्रुपवर पुढच्या दिवाळीचं व्हिएतनाम-कंबोडिया ठरतंय म्हणे, तेही बसने. मला धरू नका. आणि माझा हॉटस्पॉटही.