‘वर्षाचं काही ठरवू नका, मूल आपोआप शिकतं’ : मला हे का पटत नाही

जून तोंडावर आला की होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणींनी पाठवला, आणि त्यातल्या दोघींनी खाली लिहिलं होतं, ‘वाचून जीव हलका झाला.’ मजकूर थोडक्यात असा. मुलाला शाळेतून काढलंत, मग वर्षाची ध्येयं आणि उद्दिष्टं लिहून शाळाच घरात कशाला आणता? मूल चालायला-बोलायला शिकलं, तसंच वाचायला आणि हिशेब करायलाही आपोआप शिकेल. गावात, समुद्राकाठी राहत असाल तर निसर्ग हीच शाळा आहे. ठरवलेलं झालं नाही की घरात नुसती निराशा येते. दहावीचं दहावीला बघू, ओपन स्कूल आहेच. मुलावर विश्वास ठेवा.

मी दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या एका गावात राहते. लेक अकरा वर्षांची आहे आणि चार वर्षं घरीच शिकते आहे. त्यातलं पहिलं दीड वर्ष मी अगदी याच विचाराने काढलं. म्हणून या मेसेजला उत्तर द्यावंसं वाटतं. तो वाचताना बरं वाटतं आणि त्यातून होणारं नुकसान फार उशिरा दिसतं.

आधी ‘आपोआप’ या शब्दाचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

बोलणं मूल आपोआप उचलतं हे खरं आहे. आजूबाजूला बोलणारी माणसं असली की पुरतं, कोणी धडा देत नाही. पण लिपी ही माणसाने बनवलेली वस्तू आहे, जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीची. ती कोणीतरी दाखवावी लागते, आणि देवनागरी तर टप्प्याटप्प्याने दाखवावी लागते. काही मुलं नुसती पुस्तकं चाळता चाळता वाचायला लागतात, नाही असं नाही. माझी लेक त्यातली नव्हती. बाराखडी तिला येत होती, चित्रांच्या गोष्टी ती भराभर वाचायची, म्हणून मी निर्धास्त होते. साडेआठ वर्षांची असताना रस्त्याकडेची एक पाटी तिने मोठ्याने वाचली, ‘सुवणदुग’. सुवर्णदुर्ग! जो किल्ला ती रोज अंगणातून बघते, त्याचं नाव. डोक्यावरचे दोन्ही रफार तिने सोडून दिले होते. मग मी बसून तपासलं, तर सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्यावर, या चार शब्दांत एकाच ‘र’ची चार रूपं आहेत हे तिला माहीतच नव्हतं. ती संदर्भावरून अंदाज करत होती आणि गोष्टीच्या पुस्तकात अंदाज खपून जात होता.

तेव्हा मी ‘छान मराठी वाचता यावं’ असं काहीतरी वहीत लिहिलं असतं तरी उपयोग झाला नसता, कारण ते ध्येय आहे. ध्येयाने दिशा कळते, पण आज कुठे पोचलो ते त्यावरून कळत नाही. उद्दिष्ट म्हणजे असं वाक्य, की ते झालं की नाही हे घरातल्या तिसऱ्या माणसालाही सांगता यावं. आम्ही मग लिहिलं ते असं : ‘दिवाळीपर्यंत, आधी न पाहिलेलं छापील पान मोठ्याने वाचेल, जोडाक्षरं गाळणार नाही, आणि पानात काय होतं ते आजीला आपल्या शब्दांत सांगेल.’ आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी नरकचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं पान पुढे केलं आणि लेकीने वाचलं. ‘आपोआप’च्या भरवशावर हे कधी झालं असतं, कोण जाणे.

‘उद्दिष्टं लिहिणं म्हणजे शाळा घरात आणणं.’ यातला एक भाग मला मान्य आहे. घरात घंटा, सात तासिका आणि ‘पाठ ७ पूर्ण’ असं लिहिलेलं वेळापत्रक आणणारे पालक मीही पाहिले आहेत. पण ‘पाठ ७ पूर्ण’ हे उद्दिष्टच नाही. पाठ पूर्ण झाला म्हणजे आपली पानं उलटून झाली. मुलाला काय यायला लागलं ते त्यात कुठेच नाही.

शाळेपेक्षा आपल्याकडे काय कमी आहे, तेही बघायला हवं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास ठरवले आहेत. आता आमच्या घरचं मांडते. ५२ आठवडे. त्यातून भातलावणीचे ३ गेले, गणपती आणि चाकरमान्यांची वर्दळ ३, कापणी-झोडणी ३, दिवाळी १, शिमगा आणि पालखी २, आंब्याचे ६, आजारपण-पाहुणे २. उरले ३२. आठवड्याचे चार दिवस आणि दिवसाचे अडीच तास धरले तर ३२० तास. (लावणीच्या दिवसांत लेक काहीच शिकत नाही असं नव्हे. पण चिखलात कमरेत वाकून भाताची रोपं लावताना मी तिला अपूर्णांक शिकवणार नाही, एवढं मला माहीत आहे.) घरी एकाच मुलाकडे लक्ष असतं, हजेरी नाही, रांगा नाहीत, त्यामुळे ३२० तासांत पुष्कळ होतं. सगळं मात्र होत नाही. म्हणून काय धरायचं आणि काय यंदा सोडून द्यायचं हे आधी ठरवावंच लागतं. आमच्या यंदाच्या पानावर ‘सोडलेलं’ असा एक रकाना आहे आणि त्यात हिंदी व्याकरण आणि तबला आहे. ते लिहून ठेवल्यापासून त्यांची टोचणी गेली.

वर्ष जूनमध्येच सुरू व्हायला हवं असंही नाही. आमचा भरगच्च कामाचा काळ अनंत चतुर्दशी ते शिमगा, मधली कापणी-दिवाळी वगळून. जून-जुलैच्या पावसात वीज जाते, अंगणात पाऊल टाकता येत नाही, तेव्हा वाचन आणि शिवण. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, बंदर शांत, त्यामुळे जाळी विणणारी माणसं निवांत भेटतात. ते दिवस मी त्यांच्याकडून शिकायला ठेवते. कॅलेंडर शाळेचं नाही, आमचं आहे, तरी त्यात उद्दिष्टं बसतात.

आता तो मुद्दा, ज्याने कोकणातल्या पालकांना सगळ्यात जास्त भुरळ पडते : ‘निसर्ग हीच शाळा.’

लेकीने दोन वर्षं रोज समुद्र पाहिला. भरती-ओहोटी तिला तोंडपाठ होती म्हणावी इतकी ती किनाऱ्यावर असायची. एकदा मी विचारलं, ‘अगं, काल या वेळी पाणी या पायरीवर होतं, आज का नाही?’ ती म्हणाली, ‘समुद्राची मर्जी.’ दोन वर्षं समोर असलेली गोष्ट, पण बघण्यामागे काही धरलेलं नव्हतं, म्हणून प्रश्न उठलाच नव्हता.

मग आम्ही कार्तिकासाठी एक उद्दिष्ट लिहिलं. तीस दिवस, रोज दिवसाच्या भरतीची वेळ, शेजारी तिथी. जेटीच्या पायऱ्यांवर खडूची खूण करून ती बसायची. सहाव्या-सातव्या दिवशी एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांनी, तिला विचारलं, ‘आज तिथी कोणती, बाय?’ तिने सांगितली. ते म्हणाले, ‘मग तिची पाऊणपट कर. घड्याळ कशाला बघतेस?’

हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे, त्यातली पाऊणकी म्हणजे चक्क भरतीचं कोष्टक! दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. लेकीने ती चार दिवसांत पाठ केली. अपूर्णांकांचा गुणाकार मी तिला वेगळा शिकवलाच नाही.

महिनाअखेर तिने आडाख्याची वेळ आणि पाहिलेली वेळ आलेखावर मांडली. दोन रेषा बहुतेक जवळजवळ चालल्या, पण अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे पाणी कमी चढतं त्या दिवसांत, भरती दिवसाला पाऊण तासापेक्षा बरीच जास्त पुढे सरकत होती. उधाणाच्या दिवसांत उलट कमी. ‘आडाखा चुकीचा आहे का?’ या तिच्या प्रश्नावरून आम्ही सूर्य आणि चंद्र दोघांच्या ओढीपर्यंत पोचलो, अमावास्येला त्या एका रेषेत कशा येतात आणि अष्टमीला काटकोनात कशा असतात इथपर्यंत. समुद्र तिला हे सगळं द्यायला कायमच तयार होता. वहीतल्या एका ओळीने ती ते घ्यायला बसली.

कातळशिल्पांचं, म्हणजे खडकात कोरलेल्या प्राचीन चित्रांचं, तेच. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली, तेव्हापासून सगळे मुलांना घेऊन कशेळीला, उक्षीला जातात, फोटो काढतात, परत येतात. आम्हीही एकदा तसेच गेलो. दुसऱ्यांदा जाताना एवढंच ठरवलं होतं की कशेळीच्या हत्तीची लांबी पावलांनी मोजायची आणि चौकटीच्या कागदावर तो प्रमाणात उतरवायचा. त्या दिवशी ती दोन तास हलली नाही.

‘झालं नाही की निराशा येते.’ येते. मलाही आली. एका वर्षी आम्ही लिहिलं होतं, ‘गणपतीपर्यंत शंभरपर्यंत संख्या बिनचूक.’ गणपती आले, पण बावन्न म्हटलं की ती २५ लिहायची. मी रात्री रडले आहे त्यावरून. पण ते उद्दिष्ट लिहिलेलं होतं म्हणूनच नेमकं काय अडलं ते शोधता आलं. मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो, बा-वन्न, आणि लिहिताना दशक आधी. हा घोळ तिच्या एकटीचा नव्हे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि केवढा वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. आम्ही उद्दिष्ट बदललं. रोज दहा संख्या ऐकायच्या आणि लिहायच्या, आधी ‘पन्नास दोन’ असं मनात म्हणून. मार्गशीर्षात ते सुटलं. ठरवलेली तारीख गेली. त्याने काय बिघडलं? काहीच लिहिलं नसतं तर ही अडचण मला कदाचित दोन-अडीच वर्षांनी, वजाबाकीत, दिसली असती.

निराशेचं खरं कारण बहुतेकदा उद्दिष्टांची संख्या असते. इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यात चाळीस-चाळीस ओळी असतात. आम्ही एका वेळी पाच धरतो. भाषेची दोन, गणिताचं एक, भोवतालाचं एक, हाताच्या कामाचं एक. गणपतीआधी, दिवाळीनंतर आणि शिमग्याआधी वही काढून बसतो आणि खोडाखोड करतो.

‘दहावीचं दहावीला बघू.’ हे मात्र धोक्याचं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, माध्यमिक परीक्षेला वयाची १४ वर्षं पूर्ण मागते, मराठी माध्यम देते, किमान पाच विषय लागतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. उत्तम सोय आहे. शाळेत न जाता दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे, पण तो परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. कुठला मार्ग, कुठले विषय, गणित ठेवायचं की नाही, पुढे विज्ञान घ्यायचं असेल तर काय, हे तेरा-चौदाव्या वर्षी ठरतं आणि त्याची तयारी दहाव्या-अकराव्या वर्षापासून लागते.

आणि परत शाळेत जायची वेळ आली तर? नोकरी जाते, घरात आजारपण येतं, आईला कामाला लागावं लागतं. हे आमच्या भागात होतंच. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्ग मिळतो. म्हणजे अकरा वर्षांची मुलगी तिच्या वयाच्या मुलांबरोबर बसेल, तिला काय येतं आणि काय नाही ते नंतर. त्या कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतं, पण न घातल्यास शिक्षा सांगत नाही. त्यामुळे आमच्या घरी तपासायला कोणी येत नाही. कोणीच येत नसल्यामुळे ते काम माझ्यावर आहे, आणि त्या वहीशिवाय मी ते करू शकत नाही.

राहिलं ‘मुलावर विश्वास ठेवा’. यंदा पाचापैकी एक उद्दिष्ट लेकीने स्वतः लिहिलं आहे. हिवाळ्यात आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. तिला एका घरट्याची तारीख घेऊन पिल्लं कधी निघतील ते आधी लिहून ठेवायचं आहे, रोजचं तापमान नोंदवून. खाली तिच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे : ‘दिवस चुकला तर का चुकला तेही लिहायचं.’