कबड्डीत माउथगार्ड कशाला? या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार दादा. कबड्डीच्या पोरींनी माउथगार्ड, म्हणजे मार लागू नये म्हणून दातांवर बसवायचं कवच, घालावा, जमलं तर डेंटिस्टकडून मापाचा करून घ्यावा, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, "मॅडम, कबड्डी कधी खेळलात का? तोंडात रबर कोंबून दम कसा टिकवणार? आमच्या वेळी कोण घालत होतं? घालायचाच तर दुकानातला दोनशेचा काय वाईट आहे, की डेंटिस्ट कमिशन देतो?"

मुद्दा पटला नाही, ठीक आहे, पण कमिशन? मी कुठल्या कंपनीचं नाव घेतलं नाही, कुठल्या दवाखान्याचा पत्ता दिला नाही. तुम्ही मुलींना शिकवता म्हणता, त्यांच्याशी पण असंच बोलता का?

आणि खेळलात का विचारताय तर ऐका. शाळेपासून युनिव्हर्सिटीपर्यंत खेळले, आधी मातीवर मग मॅटवर, कायम डावा कोपरा. अँकल होल्ड मारताना, म्हणजे चढाईवालीचा घोटा पकडताना, आपलं डोकं कुठे असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, तिच्या गुडघ्यापाशी, आणि ती पाय सोडवायला जीव खाऊन झटका मारते. एका मॅचमध्ये तो गुडघा थेट माझ्या तोंडावर बसला. वरचा समोरचा दात अर्धा तुटला, खालचा ओठ फाटला, मग रूट कॅनल, वर कॅप, काही वर्षांनी ती कॅपही बदलावी लागली, आणि पेरू मी आजही सुरीने कापूनच खाते. त्यामुळे हा प्रश्न निदान मला तरी विचारू नका, खरंच राग येतो.

आता दम, म्हणजे एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत राहणं. तो टिकवावा लागतो चढाई करणारीला. पकडीला उभ्या असलेल्या सातजणींना कबड्डी कबड्डी म्हणायचंच नसतं, आणि गुडघे-कोपरं त्यांच्याच तोंडावर येतात, मग त्यांनी का घालू नये? चढाईवालीसाठी फिटिंग बघावं लागतं हे खरं. रेडिमेड गार्ड दात आवळून धरावा लागतो, तोंड उघडलं की सुटतो, तो घालून दम स्पष्ट येणार नाही आणि पंच हरकत घेणारच. मापाचा गार्ड वरच्या दातांचा साचा घेऊन ईव्हीए नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या शीटपासून बनवतात, समोर ३-४ मिमी जाडी ठेवतात आणि टाळूकडची कड कापून घेतात म्हणून जीभ मोकळी राहते. काही दिवस सरावाला घातला की उच्चार बसतात. न्यूझीलंडमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी रग्बीला माउथगार्ड सक्तीचा झाला, १९९५ ते २००३ या काळात दातांच्या इजेचे विम्याचे दावे ४३ टक्क्यांनी कमी झाले. रग्बीतही श्वास लागतो आणि ओरडावं लागतं हो.

दोनशेवाल्याबद्दल एक मान्य. बारा-तेरा वर्षांच्या पोरीचे दात अजून येत असतात, जबडा वाढत असतो, तिला दरवर्षी मापाचा करणं कुठल्या घराला परवडणार, तिथे गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा गार्ड चालेल, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. फक्त बसवताना जोरात चावलं की दाढांखाली पातळ होतो, ते अधूनमधून बघत जा. तारा लावलेल्या असतील तर मात्र डेंटिस्टला विचारल्याशिवाय नाही.

आमच्या वेळी कोण घालत होतं, यावर मी काहीच बोलत नाही. तुमच्या मुलींना निदान पकडीच्या सरावाला घालायला लावा आणि मग येऊन सांगा, मी छापेन. कमिशनचं वाक्य तेवढं काढून टाका, नाहीतर मी काढेन.