स्प्रे मशीनमुळे रोलर मोडीत निघत नाही

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरांची रंगरंगोटी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : ब्रश-रोलर आजोबांच्या काळातले झाले, नवे स्प्रे मशीन घ्या, दोन बेडरूमचे घर एका दिवसात रंगवून होते, रंग निम्मा लागतो, भिंत कारखान्यातून आल्यासारखी दिसते, पाण्याचा रंग असल्याने तब्येतीला धोका नाही आणि मशीनचे पैसे पहिल्याच खेपेला वसूल होतात. ही सगळीच विधाने निराधार नाहीत. मात्र ती कोणत्या परिस्थितीत खरी ठरतात, हे संदेशात कुठेही सांगितलेले नाही.

नव्या-जुन्याचा मुद्दा आधी घेतो. १८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या अवाढव्य इमारती वेळेत पांढऱ्या करण्यासाठी दाबाखालच्या हवेने रंग फवारला गेला होता. रोलर आला तो त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९४०च्या सुमारास, म्हणजे दोघांत धाकटा रोलरच आहे. हवा न वापरता केवळ पंपाच्या दाबाने रंग बारीक छिद्रातून फेकणारी आजची एअरलेस मशीन अर्थातच त्याहून नंतरची आहेत. पण फवारणी ठाऊक असतानाही घरातल्या भिंतींसाठी रोलर का रुजला, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. सोबतच्या चित्रफितीत तर मशीनची तुलना तीन इंची ब्रश घेतलेल्या माणसाशी केली आहे. अख्खी भिंत ब्रशने रंगवणारा रंगारी आज क्वचितच सापडेल. ब्रश लागतो तो कडा-कोपरे नेमके रंगवायला, म्हणजे कटिंगला, आणि मधला भाग रोलरनेच होतो.

एका दिवसात घर रंगवून होण्याचा दावा सर्वांत आकर्षक आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. राहत्या घरातली दहा बाय बाराची खोली घ्या. सामान मधोमध ओढायचे, सुटलेले पोपडे खरवडायचे, ओल कुठून येते ते पाहायचे, भेगा भरायच्या, पुट्टी लावायची, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायची, धूळ झटकून प्रायमर मारायचा आणि मग कुठे रंगाचे दोन हात द्यायचे. या यादीत मशीनमुळे वेळ वाचतो तो फक्त प्रायमर आणि रंग लावण्यापुरता. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेले काही तासांचे अंतर ठेवावेच लागते आणि दमट हवेत ते वाढते. भिंत वाळण्याचा वेग ती कशाने रंगवली यावर ठरत नाही.

उलट मशीनमुळे एक काम वाढते, ते म्हणजे झाकाझाकीचे. रोलरने काम करताना जमिनीवर जुने कागद अंथरले आणि स्विचबोर्डाभोवती चिकटपट्टी लावली की बहुतेक भागते. फवारणीत मात्र रंगाचे तुषार हवेत तरंगतात आणि जिथे हवा नेईल तिथे बसतात, त्यामुळे फरशी, खिडक्या, पंखा, एसी, भिंतीतली कपाटे, दारांच्या चौकटी असे सगळेच प्लास्टिकने कडेकोट बंद करावे लागते. आमच्या एका खोलीत हौसेने भाड्याचे मशीन आणले तेव्हा झाकायला जवळपास संपूर्ण सकाळ गेली, फवारायला तासभरही लागला नाही आणि पंखा झाकायचा राहून गेल्याने त्याच्या पात्यांवरचे ठिपके अजून तसेच आहेत. याच कारणाने नव्या, रिकाम्या इमारतीत, जिथे ना सामान असते ना बसवलेली उपकरणे, मशीन खरोखर दिवस वाचवते. तिथला अनुभव राहत्या घराला लावणे ही या संदेशाची मूळ चूक आहे.

रंग निम्मा लागतो, हे तर उलटेच सांगितले आहे. फवारलेल्या रंगाचा काही भाग भिंतीवर न बसता हवेत जातोच, तर रोलरच्या कामात सांडणे-ठिबकणे सोडले तर जवळजवळ सगळा रंग भिंतीला लागतो. एअरलेस मशीनची पाव इंच व्यासाची, ५० फूट लांबीची नळी भरायलाच सुमारे अर्धा लिटर रंग लागतो. एखाद्या छोट्या खोलीसाठी हा हिशेब विसरण्यासारखा नाही. मग काहींना रंग खरोखर कमी लागल्यासारखा का वाटतो? हातात धरायची स्वस्त मशीन घट्ट इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्याचा रंग, ओढत नाहीत, म्हणून त्यात बेताबाहेर पाणी घातले जाते आणि भिंतीवर पातळ थर बसतो. तो नीट झाकत नाही, तिसरा हात द्यावा लागतो, किंवा दिला नाही तर पुसायला गेल्यावर रंग फडक्याला लागतो.

कारखान्यासारख्या सफाईविषयी बोलायचे तर भिंतीचा गुळगुळीतपणा पुट्टी आणि घासकामातून येतो. फवारणी खालचा उंचसखलपणा भरून काढत नाही; रोलरच्या बारीक दाणेदार पोतात जे दोष लपतात, ते फवारलेल्या भिंतीवर तिरप्या उजेडात उलट उठून दिसतात. मुरलेले रंगारी प्लास्टरवर प्रायमर फवारल्यावर ओल्यावरच रोलर फिरवून घेतात, तो रंग रंध्रांत दाबला जावा म्हणून. शिवाय दोन वर्षांनी सोफ्याच्या पाठीमागचा डाग रोलरने झाकला, तर फवारलेल्या भिंतीवर तेवढा तुकडा वेगळा दिसतो. लाकडी दारे, झडपा, वेताचे फर्निचर यांवर मात्र फवारणीची सफाई ब्रशला येत नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. खिडकीच्या जाळीचे तसे नाही; तिथे निम्म्याहून अधिक रंग गजांमधून पलीकडे जातो आणि गंजाच्या खाचांत प्रायमर ब्रशनेच नीट घोळवता येतो.

तब्येतीचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. रंग पाण्याचा असला तरी त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत जातात, तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ तरी हवा आणि ऑइल पेंट असेल तर वाफा शोषणारी डबी (कार्ट्रिज) बसवलेला मास्क हवा. एअरलेस मशीनमधला दाब ३,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पौंड) जातो, तर मोटारीच्या टायरमध्ये तो तीसच्या आसपास असतो. टोकासमोर बोट आले तर रंग कातडीखाली घुसतो. वरून टोचल्याएवढी खूण दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणून त्याआधी रंगवलेली दारे-खिडक्या विजेच्या सँडरने (घासयंत्राने) कोरडी घासणे टाळावे, नाहीतर विषारी शिसे धुळीतून श्वासात जाते, ओल्या पॉलिश पेपरने घासावीत.

राहिला पैशांचा हिशेब. घर आपण चार-पाच वर्षांनी एकदा रंगवतो. प्रत्येक वापरानंतर नळी, गाळणी आणि टोक लगेच धुतले नाही तर इमल्शन आत वाळते. ते वाळले की मशीन माळ्यावर जाते आणि पुढच्या रंगकामाला पुन्हा रोलरच आणावा लागतो.