वैचारिक निबंध : पाच परिच्छेद आणि विरुद्ध बाजू यांबद्दल खुलासा

पदवीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय: वैचारिक निबंधात पाचच परिच्छेद हवेत आणि विरुद्ध बाजू लिहिली की गुण कापतात. असा कुठलाही सर्वसाधारण नियम नाही.

पाच परिच्छेदांचा साचा अमेरिकी शाळांमध्ये रुळलेला आहे. नवशिक्याला मांडणीची सवय लागायला तो बरा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला निबंधाचा पेपर २५० गुणांचा. त्याच्या अभ्यासक्रमात विषय न सोडणं, विचारांची सुसंगत मांडणी, नेमकं आणि थोडक्यात लिहिणं एवढंच मागितलंय. परिच्छेदांचा आकडा नाही.

विरुद्ध बाजूचं तर उलटच आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ साली मांडलेल्या युक्तिवादाच्या आराखड्यात दावा आणि आधार यांच्यासोबत आक्षेपालाही जागा आहे. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतही आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मग त्याचं खंडन. समजा, 'महाविद्यालयात हजेरीची सक्ती नको' असं तुम्ही लिहिताय. 'मग वर्ग ओस पडतील' हा आक्षेप तुम्ही टाळलात, तरी तपासणाऱ्याच्या मनात तो येणारच. तो प्रामाणिकपणे मांडा, त्यात तथ्य असेल तेवढं मान्य करा, मग उत्तर द्या. आक्षेप नुसता नोंदवून सोडला, तर मात्र निबंध लंगडा पडतो, असं माझं मत.

प्राध्यापकांनी एखाद्या असाइनमेंटला परिच्छेद ठरवून दिले असतील तर ते पाळाच. ती अट त्या कामापुरती. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.