मऊ पियानोचा कंटाळा आलाय

शुक्रवार उजाडला की नव्या अल्बमांची रांग लागते. जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच आणायचं ठरलं, तेव्हापासून हा आठवड्याचा रतीबच आहे. मी आधी तीन कप्पे उघडतो: आजचा पियानो, इलेक्ट्रॉनिक सोल (भावभरं सोल गाणं, पण यंत्रांच्या आवाजांवर) आणि फंक (बेस-ड्रम्सच्या ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत). त्यातल्या पहिल्याने हल्ली जीव नकोसा केलाय.

जर्मन पियानोवादक निल्स फ्रामचा 'फेल्ट' हा अल्बम २०११ चा. रात्री वाजवताना शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून त्याने पियानोच्या हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, थर घातला आणि मायक्रोफोन पार आत, तारांना जवळजवळ टेकवून ठेवले. त्यामुळे सूर दबले आणि एरवी लपणारं सगळं वर आलं. हातोडी जागेवर परतल्याचा बारीक टक, पेडल सुटताना लाकडाची कुरकुर, वाजवणाऱ्याचा श्वास. अडचणीतून सापडलेला आवाज होता तो. आता तोच आवाज सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो, कुरकुर किती हवी त्याचं वेगळं बटण असतं म्हणे! मग काय, अभ्यासाला पियानो, झोपेला पियानो, पावसाच्या आवाजासोबत पियानो. दोन मिनिटांचे तुकडे, तेच चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), सगळीकडे तोच मऊपणा. कोण वाजवतंय हे ओळखू येत नाही आणि कुणाला ओळखायचंही नसतं.

याला सुरांइतकंच हिशेबाचंही कारण आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते ऐकलं गेल्याची नोंद होते, आणि पैसे या नोंदींवर ठरतात; मग तुकडे आखूडच बरे. वुल्फपेक या फंक बँडने २०१४ मध्ये या नियमाची अशी काही जिरवली की बस्स. 'स्लीपिफाय' नावाचा अल्बम काढला, त्यात दहा ट्रॅक, प्रत्येक जेमतेम तीस सेकंदांचा आणि सगळे निःशब्द, निःस्वर. चाहत्यांना सांगितलं, झोपताना लावून ठेवा. आलेल्या पैशातून फुकट कार्यक्रमांचा दौरा केला. स्पॉटिफायने अल्बम काढून टाकला, ते ओघाने आलंच. याच मंडळींनी २०१९ मध्ये कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्यक्रम केला.

पियानोत सगळंच टाकाऊ आहे असं नाही. जपानी संगीतकार र्‍युइची साकामोतोचा '१२' हा अल्बम जानेवारी २०२३ मध्ये आला, कॅन्सरशी झगडत असतानाचा. रचनांना नावं नाहीत, नुसत्या तारखा. काही ठिकाणी सुरांइतकाच ठळक त्याचा श्वास ऐकू येतो, जड, ओढलेला. तो बटण फिरवून वाढवलेला नाही. मार्चमध्ये तो गेला. पोलिश पियानोवादक हानिया रानीने २०१९ च्या 'एस्या'मध्ये केवळ पियानो वाजवला होता. २०२३ च्या 'घोस्ट्स'मध्ये ती गाते, सिंथ (विजेवर आवाज घडवणारं कीबोर्ड) वापरते, लांबलचक रचना करते. जमलेली घडी स्वतःच मोडली, हे मला जास्त आवडतं.

इलेक्ट्रॉनिक सोलमध्ये मात्र यंत्राआड लपता येत नाही, उलट यंत्रच माणसाला उघडं पाडतं. ब्रिटिश गायक जेम्स ब्लेकचा २०११ चा पहिला अल्बम हेडफोनवर ऐका. मधल्या रिकाम्या जागा किती मोठ्या आहेत, आणि तुकडे करून वर-खाली खेचलेला आवाज तरीही किती एकाकी वाटतो. तिथलाच गायक साम्फा याने २०१७ ला 'प्रोसेस' अल्बमसाठी मर्क्युरी प्राइझ हा ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार घेतला, त्यातलं आईच्या घरातल्या पियानोवरचं गाणं तर साधंसुधंच आहे. २०२३ च्या 'लहाई'त खाली तालाची धावपळ आणि वर त्याचा गळा निवांत. शांत पियानोचे डझनभर अल्बम यावरून ओवाळून टाकावेत.

फंकचं दुखणं वेगळं. फंकचा आद्य गायक जेम्स ब्राउनने पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकला, आपल्या समेसारखाच. बाकी वादकांनी कितीही हुंदडावं, तिथे मात्र एकत्र यायचं. हल्लीच्या अनेक नव्या अल्बमांत कपडे सत्तरच्या दशकातले, गिटारचा टोनही तसाच, पण प्रत्येक ठोका संगणकाने रेषेवर नेऊन बसवलेला. मग नाचायचं कशावर? अमेरिकन सोल गायक डिअँजेलोच्या २००० सालच्या 'वूडू' अल्बममध्ये ड्रम्स मुद्दाम किंचित मागे रेंगाळतात, बेस त्याहून आळशी, आणि तरी गाणं पडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिअँजेलो गेल्यावर मी तो पुन्हा नीट ऐकला, आणि त्या आठवड्यातलं नवं फंक काही केल्या कानात शिरेना.

तर माझा शुक्रवारचा क्रम आता बदललाय. आधी फंक, त्यातही फक्त बेस आणि ड्रम्सकडे कान. मग सोल. पियानोच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर धुकं किंवा ओसाड किनारा दिसला, की तो थेट पुढच्या आठवड्यावर.