बाटलीने पेट्रोल पाजून कार्बोरेटर दुरुस्त होत नाही

मेहुण्याने काल एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "उद्या हेच करून बघतो." त्याच्याकडे जुनी, कार्बोरेटरची (इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गाडी आहे आणि उत्साहही भरपूर आहे, म्हणून घाईने लिहितोय. मेसेजमध्ये पाच दावे आहेत: पेट्रोल पोहोचत नसेल तर दोष कार्बोरेटरचाच, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतत राहा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तारेने कोरून मोठा करा, ओव्हरफ्लो झाला, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडलं, तर हातोडी मारा, गरम गाडी बंद पडली तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपावर ओलं फडकं ठेवा.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात माणूस भाजतो. पेट्रोलचा पुरवठा अडलेल्या इंजिनात मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असतं, ते सावकाश जळतं. इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) उघडेपर्यंत सिलिंडरमध्ये ज्वाळा शिल्लक राहिली की ती उलटी फिरून कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते. ठिणगीचं टायमिंग चुकलेलं असेल तरी तेच. एरवी वर एअर फिल्टरचा डबा असतो, तो ही ज्वाळा बऱ्याच अंशी अडवतो. मेसेज म्हणतो, तो डबा काढा आणि त्या जागी पेट्रोलची उघडी बाटली धरा! शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेते, हवेपेक्षा जड असल्याने बोनेटखाली साचून राहते, आणि सेल्फ मारताना ठिणग्या तर पडतच असतात. बरं, एवढं करून मिळतं काय? ओतलेलं पेट्रोल जळेपर्यंत गाडी चालते आणि पुन्हा बंद पडते. जास्त ओतलं तर प्लग ओले होतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं.

यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो: थोडं पेट्रोल मिळताच इंजिन पेटून लगेच बंद पडलं, तर ठिणगी ठीक आहे आणि पुरवठा अडलाय, एवढं कळतं. पण ते कळायला बाटली लागत नाही. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, तोंडात टॉर्चचा उजेड टाका आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने उघडा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाची (थ्रॉटल उघडताच जादा पेट्रोल मारणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप) बारीक धार दिसली, तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) पेट्रोल आहे. धार नसेल तर वाटी कोरडी आहे, किंवा त्या पंपाचाच डायफ्राम (हलून पेट्रोल ढकलणारा लवचीक पडदा) गेलाय. (एसयू या बनावटीच्या धाटणीच्या कार्बोरेटरमध्ये हा पंपच नसतो, तिथे धार शोधत बसू नका.)

आता पहिला दावा. वाटी कोरडी निघाली म्हणून लगेच कार्बोरेटर खोलायचा नसतो. शोध टाकीपासून पुढे घ्यायचा. गाडी थोडी चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालते? मग झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, टाकीत निर्वात तयार होतोय. टाकी ते पंप या टप्प्यातला रबरी पाइप तडकला असेल, तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही. पंप त्या तडीतून हवा ओढत बसतो. पुढे पेट्रोलचा फिल्टर, मग पंप. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणून डिपस्टिकचा (ऑइलची पातळी बघायची पट्टी) वास घ्या. या सगळ्यात कार्बोरेटरचा दोष शून्य.

जेट तारेने कोरण्याचा सल्ला देणाऱ्याने गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल कधी उघडलेलं नसावं. त्यात मेन जेटचा आकडा छापलेला असतो. वेबर किंवा सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरच्या मेन जेटवर 120 कोरलेलं असेल तर भोक 1.20 मिलिमीटरचं असतं. तारेने ते 1.25 झालं की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. मग काळा धूर येतो, अ‍ॅव्हरेज घसरतं, आणि जेटवरचा आकडा मात्र 120च राहतो, म्हणजे पुढच्या मेकॅनिकचीही दिशाभूल. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने निघतो. नाही निघाला तर त्याच नंबरचा नवा जेट टाका.

हातोडीचं काय सांगायचं! वाटी भरली की पेट्रोल बंद करणारा, पण कचऱ्याने अडकलेला नीडल व्हॉल्व्ह स्क्रूड्रायव्हरच्या मुठीच्या हलक्या टकटकीने कधीकधी सुटतो, तेवढं खरं. पण कार्बोरेटरची बॉडी ओतीव मिश्रधातूची असते, हातोडीने ती तडकते. आणि तो व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या फ्लोटला (वाटीतला पोकळ तरंगता भाग) भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं असेल तर कितीही ठोका, ओव्हरफ्लो थांबणार नाही. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल असलं तर खळखळतं.

ओल्या फडक्याचा उपाय मात्र बरोबर आहे. उष्णतेने पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ढकलता येत नाही, थंडावा मिळाला की काम सुरू. फक्त तो तात्पुरता इलाज. पाइप एक्झॉस्टला खेटून जातोय का, उष्णता अडवणारा पत्रा कुणी काढून टाकलाय का, ते बघा. आणि फडकं नीट पिळून ठेवा. पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) गळलं तर पेट्रोल येईल आणि ठिणगी जाईल.